अरुणोदय कॉलनीचा निल रिपोर्ट

अरुणोदय कॉलनी, कुपवाड रोड, सांगली
९ नोव्हेंबर २०२३

राजाराम गड्या, जय हिंद.

दिवाळी तीन दिवसांवर आली आहे. घरभर चकलीचा वास सुटलाय आणि मी हॉलमध्ये कागद पसरून तक्रारअर्ज लिहीत बसलोय. राजेश्वरी दोनदा सांगून गेली की आधी आकाशकंदील लावून घ्या. कंदील लागेल. आधी हे निस्तरायला हवं.

आमच्या कॉलनीच्या टोकाला महापालिकेची शाळा आहे, तुला आठवत असेल. आमच्या वास्तुशांतीला आलास तेव्हा जेवणाच्या पंगती तिच्याच पटांगणात बसल्या होत्या. पट कमी झाला आणि दोन वर्षांपूर्वी शाळा बंद पडली. आता त्या इमारतीत बेघरांसाठी निवारा केंद्र करायचं घाटतंय. चाळीस खाटा. भिंतीवर नोटीस लागली आहे, हरकती तीस दिवसांत द्यायच्या. आम्ही दुसऱ्याच दिवशी कृती समिती काढली. अध्यक्ष धैर्यशील. तो प्लॉटच्या खरेदी-विक्रीचं काम करतो आणि बोलायला कुणाला ऐकत नाही. सचिव अर्थात मी. सुभेदार म्हणून रिटायर झालेल्या माणसाला चांगला अर्ज लिहिता येतो असा लोकांचा समज आहे. सव्वीस वर्षं माझे सगळे अर्ज हवालदार क्लार्क राजाराम बनसोडे लिहायचा, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

मी गरिबांच्या विरोधात नाही, हे तुला तरी सांगायला नको. आपण कोरेगावच्या एकाच बाकावर बसलो आणि एकाच ट्रकमधून भरतीला गेलो. निवारा व्हायलाच पाहिजे. तो इथे नको, एवढंच. स्टँडजवळ करा, कुपवाडला कारखान्यांकडे करा. इथे बायका संध्याकाळी फिरायला निघतात, मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळतात. कुठलं कोण येऊन राहणार, काय सांगावं?

तुझ्याकडे एक काम आहे. तू चार वर्षं सातारला असलंच केंद्र सांभाळतोयस. तुझ्याइतका आतला माणूस मला कुठे मिळणार? तर तुझ्या केंद्रात काय काय वाईट घडतं ते सगळं सविस्तर कळव. अर्जात घालतो. तुझं नाव येणार नाही.

पत्र नेहमीसारखं रंगूबाईजवळ देतोय. देवळात असते ती, तुला मागे लिहिलं होतं बघ. कोपऱ्यावरची लाल पेटी रस्तारुंदीत गेली तेव्हापासून माझी पत्रं तीच पोस्टात नेऊन टाकते. आजवर एकही चुकलेलं नाही. दिवाळीच्या शुभेच्छा तुला आणि घरी सगळ्यांना.

तुझा,
नाथाजी खराडे

*

बेघर निवारा केंद्र, सातारा
१७ नोव्हेंबर २०२३

नाथा,

जय भीम आणि जय हिंद, दोन्ही घे. माझ्याच केंद्राचे दोष मलाच विचारणारा तू पहिला. चिवडा खात खात पत्र दोनदा वाचलं.

विचारलंस तर सांगतो. माणसं घोरतात. सध्या अठ्ठावीस जण आहेत, त्यातले वीस तरी घोरत असावेत. उन्हाळ्यात पंख्याखालच्या खाटेवरून आणि थंडीत दारापासच्या खाटेवरून भांडणं होतात. अमृत म्हणून एक गृहस्थ आहेत, पूर्वी मास्तर होते, ते दिवसातून तीनदा अंघोळ करतात आणि टाकी रिकामी करतात. दारू पिऊन आलेल्याला आत घेत नाही. मग तो पायरीवर बसून मला शिव्या देतो. चोरी म्हणशील तर चार वर्षांत एक झाली, माझी छत्री गेली.

शेजाऱ्यांनी इथेही सह्या गोळा केल्या होत्या. केंद्र झालं. आता समोरच्या बंगल्यातल्यांची एकच तक्रार उरली, की आमचे वाळत घातलेले कपडे त्यांच्या गॅलरीतून दिसतात. आम्ही दोरी मागच्या बाजूला बांधली. आता मागचे लोक तक्रार करतात. हे सगळं तुझ्या अर्जात खुशाल घाल.

एकच सांगतो. असल्या अर्जांत शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं, की आमच्या भागात मुळात बेघर कुणी नाहीच, मग केंद्र कशाला. तू ते लिहिणार, मी ओळखतो तुला. लिहायचंच असेल तर मोजून लिही.

वहिनींना नमस्कार. फराळाचा डबा पोचला. करंज्या वहिनींच्या आहेत आणि शंकरपाळे विकतचे, बरोबर ना?

राजाराम

*

सांगली
२८ नोव्हेंबर २०२३

राजाराम,

शंकरपाळ्यांचं बरोबर ओळखलंस, आणि मोजायला सांगितलंस तेही फार बरं केलंस. आमच्या अर्जात तोच सगळ्यात भक्कम मुद्दा ठरणार आहे. समितीत कुणालाच हे सुचलं नव्हतं. धैर्यशील तर म्हणाला, काका, तुम्ही मिलिटरीतले म्हणून तुम्हाला सुचतं. मी मान डोलावली.

सलग चार दिवस पहाटे साडेपाचला बाहेर पडलो. कानटोपी, बॅटरी, वही. पाण्याच्या टाकीपासून कुपवाड फाट्यापर्यंत एकही गल्ली सोडली नाही. जे दिसलं ते असं. नव्या अपार्टमेंटच्या बांधकामावर विजापूरकडचं एक जोडपं आणि दोन पोरं झोपलेली होती. पण ते मजूर आहेत, त्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे. काम संपलं की ते पुढच्या बांधकामावर जातील, त्यांना बेघर कसं म्हणणार? बँकेच्या पायरीवर एक म्हातारा असतो. चौकशी केली तर तो तिथला रखवालदार निघाला. पगार कोण देतं ते त्याला नीट सांगता आलं नाही, पण शिट्टी आहे त्याच्याकडे. पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर एकजण होता. गिरणीवाला म्हणाला, तो आपलाच आहे, पोती उचलतो. बस थांब्यावर दोघे होते, ते दारू उतरली की घरी जात असणार.

आणि देवळाच्या ओट्यावर आपली रंगूबाई. तिला मोजायचा प्रश्नच नाही. २०१९च्या महापुरात नदीकाठची तिची खोली पडली, तेव्हा पूरग्रस्तांना आमच्या शाळेत आणून ठेवलं होतं त्यात ती आली. पाणी ओसरल्यावर बाकीचे गेले, ती शाळेच्या व्हरांड्यात राहिली, आणि शाळेला कुलूप लागल्यावर दत्ताच्या देवळात आली. देऊळ झाडते, फुलवाती करते, कॉलनीतली निम्मी मेथी तिच्या हातून निवडून निघते. शहात्तर वर्षांची आहे, पण नजर साफ. घरचीच आहे ती. मला वही घेऊन फिरताना बघून म्हणाली, "सुभेदार, काय हरवलंय का तुमचं?" मी म्हटलं, बेघर माणसं शोधतोय. तर म्हणते, "गावली का?" मी म्हटलं, नाही. "बरं झालं की मग. थंडी लय हाय औंदा."

तर एकूण बेघर, निल. चार दिवसांच्या तारखा, वेळा आणि माझी सही असा पक्का तक्ता करून अर्जाला जोडला. एकशे बारा सह्या झाल्या. परवा अर्ज आवक-जावकला देऊन पोच घेतली.

नाथाजी

*

सातारा
६ डिसेंबर २०२३

नाथा,

आज इथे अभिवादनाचा कार्यक्रम होता, तिथून येऊन तुझं पत्र उघडलं.

निल रिपोर्टवरून एक जुनी गोष्ट आठवली. आपण वर बर्फात पोस्टिंगला होतो त्या हिवाळ्यात ब्लँकेटांची तूट किती, असा मेसेज आला होता. मी टाईप केलं, निल. सही तुझी. दोन दिवसांनी कळलं की आपलीच दोन पोरं ताडपत्री अंगावर घेऊन झोपत होती. त्यांनी आपली ब्लँकेटं वाटेत अडकलेल्या दुसऱ्या कंपनीला दिली होती आणि कुणाकडे काही मागितलं नव्हतं. तू मोजायला गेलास तेव्हा ती हसत उभी राहिली, म्हणून तू मोजली नाहीस. नंतर तू स्वतःचं ब्लँकेट त्यांना दिलंस, हेही मला आठवतं.

तुझ्या पत्रात मी पेन्सिलीने खुणा केल्या. चौघं, एक, एक, दोन, एक. नऊ होतात. त्यातली आठ माणसं मी बघितलेली नाहीत, त्यांच्यावर वाद घालत नाही. नवव्या माणसाबद्दल विचारतो. घरची आहे म्हणतोस, तर ती कुणाच्या घरात राहते?

रागावू नकोस. रागावलास तरी लिही.

राजाराम

*

सांगली
२१ डिसेंबर २०२३

राजाराम,

रागावलो होतो, म्हणून उशिरा लिहितोय. तू टेबलामागे बसलेला माणूस, तुला सगळीकडे रजिस्टर दिसतं. रंगूबाईला जाऊन बेघर म्हणून बघ, तीच तुला चार शब्द सुनावील.

असो. बातमी चांगली आहे. आमच्या हरकतीचा विचार होऊन शाळेचा प्रस्ताव मागे घेतला गेला. सोमवारी पत्र आलं. त्यात स्पष्ट लिहिलंय की सादर केलेल्या पाहणीनुसार सदर परिसरात बेघर व्यक्ती आढळून आलेल्या नाहीत. माझ्या तक्त्याची तारीखसुद्धा दिली आहे. कॉलनीत पेढे वाटले. दत्तजयंती मंगळवारी आहे, त्या दिवशी माझा सत्कार ठेवला आहे. मी नको म्हणत होतो, पण लोक ऐकेनात.

ह्या सगळ्या भानगडीत एक गोष्ट लोकांच्या ध्यानात आली, ती म्हणजे आपलं देऊळ चारी बाजूंनी उघडं आहे. उद्या शाळेत नाही आले तरी ओट्यावर कुणीही येऊन पथारी टाकेल. म्हणून समितीच्या उरलेल्या वर्गणीतून ओट्याला लोखंडी ग्रील बसवून घेतली. फार सुबक काम झालंय, वर ओम काढलाय. रात्री आठला कुलूप. किल्ली सचिव म्हणून माझ्याकडे असते.

नाथाजी

*

सातारा
२९ डिसेंबर २०२३

नाथा,

सत्काराबद्दल अभिनंदन.

आठला कुलूप लागल्यावर रंगूबाई कुठे असते? बाकी काही लिहीत नाही, एवढ्याचंच उत्तर दे.

राजाराम

*

सांगली
९ जानेवारी २०२४

राजाराम,

तुझं चार ओळींचं पत्र मिळून आठवडा झाला. उत्तर द्यायला थांबलो होतो, कारण नक्की काय ते ठरत नव्हतं. आज ठरलं, म्हणून सकाळीच लिहायला बसलो.

ग्रील बसली तेव्हा मी स्वतः रंगूबाईला समजावून सांगितलं होतं. समितीचा ठराव आहे, माझ्या एकट्याच्या हातात नाही. ती अजिबात वाकड्यात शिरली नाही. उलट म्हणाली, "बरं हाय की. कुलूप पायजेच. गुरुवारी चपला जात्यात." काही दिवस ती गिरणीच्या बाजूला कुठे तरी सोय करून राहत होती असं मला वाटतं. दिवसा देवळात यायचीच. मध्ये जरा खोकत होती. राजेश्वरीनं काढा दिला.

तर आता सगळं मार्गी लागलं आहे. इस्लामपूरला तिची भाची असते. चांगलं घर आहे, जावई साखर कारखान्यात कायम नोकरीला आहे. भाची कधीची बोलावत होती, हीच जात नव्हती. आता तिनं जायचं ठरवलंय. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, त्यामुळे तोही प्रश्न नाही. आज सकाळी पिशवी भरून निरोप घ्यायला आली. राजेश्वरीनं साडी दिली, मी स्वेटर दिला, आपला जुना मिलिटरीचा, हिरवा. घरचं माणूस जातंय म्हटल्यावर वाईट वाटलं, पण म्हातारपणी आपल्या माणसांत असावं हेच खरं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता तुला मिळालं. ती भाचीकडे असते.

दारात उभीच आहे ती. स्टँडवर जाता जाता एवढं पत्र शेवटचं टाकते म्हणाली. म्हणून घाईत आटोपतो.

तुझा,
नाथाजी

*

सातारा
९ जानेवारी २०२४

नाथा,

तुझं आजचं पत्र आजच मिळालं. टपालखात्यानं एवढी प्रगती केलेली नाही. पाकिटावर तिकीट आहे, शिक्का नाही.

दुपारी तीनच्या सुमारास एक बाई केंद्राच्या दारात आल्या. हिरवा स्वेटर, हातात पिशवी. पाकीट पुढे धरलं आणि विचारलं, "राजाराम बनसोडे हितंच असत्यात न्हवं?" मी पाकीट घेतलं, अक्षर ओळखलं. त्यांना म्हटलं, हे तुम्ही पोस्टात टाकायचं होतं ना? तर म्हणाल्या, "टपालात टाकलं तरी हितंच यायचं. मी बी हितंच यायची. मग दोन खेपा कशाला?"

त्या चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, हे तुला माहीत होतं का? चार वर्षं तुझी पाकिटं नेताना त्या पत्ता वाचत होत्या. बेघर निवारा केंद्र, सातारा. मला म्हणाल्या, "आसलं कायतरी सातारला असतंय, ह्ये सुभेदारांच्या कागदावरनंच कळलं." आपण दोघं तिकडे-इकडे एवढं लिहीत होतो, त्यातल्या पाकिटाचा तेवढा उपयोग झाला.

ग्रील बसल्यापासून त्या गिरणीकडे नव्हत्या. तिथल्या माणसानं एक रात्र जागा दिली, मग गिरणीवाला नको म्हणाला, कारण कॉलनीत बोलणं झालं होतं. नंतर त्या स्टँडवर राहत होत्या. थंडी फार वाजली की एसटीत बसायच्या. सांगली ते कोरेगाव, कोरेगाव ते सांगली. तिकीट लागत नाही आणि खिडकी लावून घेतली की ऊब असते. कंडक्टर ओळखायला लागले होते. एकानं विचारलं, आज्जी, रोज कोण असतं कोरेगावला? त्यांनी सांगितलं, माहेर. आधार कार्डावरचा पत्ता अजून नदीकाठच्या त्या पडलेल्या खोलीचाच आहे.

भाचीचं विचारलं. म्हणाल्या, "भाची कुठली? सुभेदारांस्नी कायतरी सांगाय पायजे हुतं. त्येंचा जीव वर-खाली व्हायला लागला हुता, रोज किल्ली घेऊन येताना. भाची म्हनल्यावर कसं मोकळं झालं मानूस."

तुझं पत्र मी त्यांच्यासमोरच उघडलं, मला काय कल्पना. वाचून होईपर्यंत त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. माझं काय लिवलंय, असं विचारलं. मी सांगितलं, तुमची काळजी करतोय. मी आयुष्यात फार खोटं बोललेलो नाही, आणि हेही पूर्ण खोटं नव्हतं.

खाट सात नंबरची दिली आहे. खोकला आहे, उद्या सरकारी दवाखान्यात दाखवतो. रजिस्टरात पूर्वीचा पत्ता विचारावा लागतो. त्यांनी सांगितला तसा लिहिला. दत्त मंदिर, अरुणोदय कॉलनी, कुपवाड रोड, सांगली. ओळखणारी व्यक्ती, नाथाजी खराडे.

म्हणजे आता माझ्या रजिस्टरात तुझ्या परिसरातली एक बेघर व्यक्ती आहे आणि तुझ्या तक्त्यात शून्य. दोन्ही कागदांवर सही आपल्याच दोघांची. कुठला दुरुस्त करायचा ते कळव.

राजाराम

*

सांगली
२४ जानेवारी २०२४

राजाराम,

तुझं पत्र राजेश्वरीनं आधी उघडलं. वाचून माझ्यापुढे ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. त्याला कारण आहे आणि ते मी तुला लिहिलेलं नव्हतं.

ग्रीलला पहिल्यांदा कुलूप लावलं त्या संध्याकाळी रंगूबाई देवळाच्या पायरीवर बसून होती. राजेश्वरी म्हणाली, आपली मागची खोली रिकामी आहे, तिला आणा. मी नाही म्हणालो. आज हिला घेतलं तर लोक म्हणतील, सचिवानंच घरात निवारा काढला. हे मी तुझ्या वहिनीला शब्दशः म्हणालो. नंतर रोज कुलूप लावताना मी देवाकडे बघत नव्हतो, पायरीकडे बघत होतो, आणि ती नसली की मला बरं वाटायचं. भाचीचं सांगितल्यावर तर इतकं हायसं वाटलं की भाचीचं नाव विचारायचंही सुचलं नाही. राजाराम, मला लाज वाटते. दुसरा शब्द सापडत नाही.

मी पुन्हा मोजलं. या खेपेला राजेश्वरी बरोबर आली. मी कुणाला सोडायला लागलो की ती म्हणायची, लिहा. बांधकामावरची चौघं, लिहा. शिट्टीवाला, लिहा. शिट्टी त्याला सापडलेली आहे, नोकरी नाही. गिरणीच्या ओट्यावरचा, थांब्यावरचे दोघे. पुलाखाली तीन निघाले, तिकडे मी मागच्या वेळी वळलोच नव्हतो. अकरा झाले. सही केली आणि स्वतः महापालिकेत नेऊन दिलं. तिथल्या बाईंनी पोच दिली. म्हणाल्या, तो प्रस्ताव आता बंद झालाय, पण शाळा आहे तिथेच आहे, नवीन मागणी आली तर पुन्हा विचार होऊ शकेल, वेळ लागेल. मी म्हटलं, मागणी करायला कोण लागतं? म्हणाल्या, कुणीही रहिवासी. त्यांच्याच टेबलाशी बसून अर्ज लिहिला. तुझ्यावाचून लिहिलेला माझा पहिला अर्ज, चुका असतील.

समितीत सांगितलं. धैर्यशील म्हणाला, काका, झालं गेलं, आता कशाला उकरता. मी किल्ली टेबलावर ठेवून आलो. कॉलनीत दोन-तीन घरं सोडली तर कुणी बोलत नाही. सत्काराची शाल परत मागितलेली नाही एवढंच.

मागची खोली झाडून घेतली आहे. खाट टाकली, पाणी तापवायला हीटर लावला. रंगूबाईंना विचार, येतील का. मी न्यायला येतो. पाकिटावर या वेळी तुझ्या नावाखाली त्यांचंही नाव घातलंय. त्यांना वाचता येतं हे आता कळलं. पत्र पोस्टात टाकायला मीच गेलो होतो. बरंच लांब आहे.

नाथाजी

*

बेघर निवारा केंद्र, सातारा
२ फेब्रुवारी २०२४

(हे पत्र रंगूबाई सांगतायत आणि मी लिहितोय. माझं एक अक्षर यात नाही. राजाराम)

सुभेदार आनि बाईसाहेब, रामराम.

तुमचं पत्र आलं. पाकिटावर माझं नाव हाय ते मी समद्यास्नी दावलं. माझ्या नावाचं पत्र ह्येच पयलं. मास्तरांनी अक्षर चांगलं हाय म्हनून सांगितलं.

खोकला गेला. गोळ्या कडू हुत्या. हितं सात लंबरची खाट माझी हाय. बाया चांगल्या हायत, एक तेवढी भांडती, पर तिचा जीव चांगला हाय. मेथी निवडायला मीच बसते. सुताची गुंडी मिळाली तर फुलवाती करून धाडीन, देवळातल्या संपल्या असत्याल.

खोली झाडली म्हनला, लय बरं वाटलं. पर मी यायची न्हाई. रागानं न्हाई. घर तुमचं हाय, त्यात मी कितीबी दिस राहिली तरी पावनीच. कुनी आलं-गेलं की उठून मागं जाऊन बसायचं. हितं खाटंवरनं मला कोन उठवीत न्हाई. त्या साळंत खाटा पडल्या तर कळवा. तवा यीन. ती साळा मी दोन वरसं झाडलीया, तिच्या कुठल्या खोलीत गळतंय ते मला ठावं हाय.

स्वेटर उबदार हाय. देवाला माझा नमस्कार सांगा, ग्रीलमधनंच सांगितला तरी चालंल.

आनि एक. आवं, अकरा मोजली म्हनता. त्यात मी हाय का? ह्यांनी तुमचं पत्र वाचून दावलं, मी बोटांवर धरलं, माझं बोट काय आलं न्हाई. मी सांगलीचीच हाय. सातारला नुसती आलीया. तवा परत जावा आनि तेवढं बारा करा.

रंगूबाई